तब्येत जास्त आहे, लवकर निघा

तुमच्या घरात माणूस गेलं की त्याच्या भावाला, लेकीला फोनवर तुम्ही काय सांगता?

उत्तर मीच देते, कारण आपल्याकडे सगळ्यांचं उत्तर एकच असतं. "तब्येत जास्त आहे, लवकर निघा." इकडे माणूस खाटेवरून खाली घेतलेलं असतं, बाया रडत असतात, आणि फोनवर त्याची तब्येत अजून 'जास्त' असते. पलीकडच्यालाही कळतं. तोही "डॉक्टर काय म्हणाले?" असं विचारून आपल्या वाटणीचं नाटक पूर्ण करतो. याला आपण माया म्हणतो. मीही म्हणायची, माझा डावा डोळा जाईपर्यंत.

हे मी डोळ्याला पट्टी बांधून वॉर्डात पडलेल्यांसाठी लिहिते आहे. त्यांनी धीर सोडू नये. आणि ज्यांचे दोन्ही डोळे धड आहेत त्यांच्यासाठी लिहिते आहे. त्यांना मात्र थोडं लागलं तर बरंच.

जीभ आणि थेंब

आमचं गाव मारेगाव तालुक्यात. कापूस निघाला की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून घरी आणतात, चुलीला पुरतात. मी मोळी बांधत होते. एक वाळकी काडी हातातून सुटली आणि डाव्या डोळ्यावर बसली. फार लागलं असंही नाही. पण काहीतरी खुपत राहिलं.

आईनं मला मागच्या गल्लीतल्या अंजनाबाईकडे नेलं. डोळ्यात कचरा गेला की आमच्याकडे तिच्याकडे जातात. तिनं पाण्याची चूळ भरली, माझी पापणी उलटी केली आणि जिभेनं डोळा पुसून काढला. मग जीभ बाहेर काढून त्यावरचा काळा कण आईला दाखवला.

"पाह्य. निंघाला."

दोन दिवसांनी डोळा लालबुंद झाला. तेव्हा बाबा चिडले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, अंधश्रद्धेविरुद्ध गावोगावी बोलणारे. "असल्या बाईकडे नेतेस पोरीला," असं आईला बोलून ते मला तालुक्याच्या मेडिकलवर घेऊन गेले. मेडिकलवाल्यानं खुर्चीतून न उठता, काउंटरच्या पलीकडूनच माझ्याकडे पाहिलं आणि थेंबांची बाटली पुढे सरकवली. "लाली जाते यानं, सर."

लाली गेली. बाबांनी आईकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. आत काय चाललं होतं ते कोणालाच दिसत नव्हतं.

गावची बाई अडाणी म्हणून आपण तिला हसतो. मेडिकलवाल्याच्या मागे काचेचं कपाट असतं म्हणून त्याला हसत नाही. दोघांचा आत्मविश्वास मात्र अगदी सारखा. दोघांनी मिळून माझा डोळा घालवला आणि दोघांची दुकानं आजही व्यवस्थित चालू आहेत.

निदानाचा दिवस

यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं.

"डोळ्यात काय काय टाकलं?"

"काही नाई मॅडम," आई म्हणाली.

"जीभ," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणाची?"

"शेजारची."

त्या हसल्या नाहीत, याचं श्रेय मी त्यांना देते. त्यांनी थेंबांची बाटली मागितली, लेबल वाचलं आणि बाबांकडे पाहिलं. "काडीबरोबर बुरशी आत गेली आहे. आणि या थेंबांनी तिला खत घातलं. लाली दाबली जाते, बुरशी फोफावते."

खत म्हटल्यावर आमच्या तिघांनाही एकदम समजलं. आम्ही शेतातली माणसं. बाबांनी बाटली परत घेऊन खिशात ठेवली, जणू ती तिथे टेबलावर राहिली तर आणखी कोणीतरी पाहील.

बाहेर आल्यावर आई फक्त एवढंच म्हणाली, "फूल पडल का व वर्षा?"

बुबुळावर पांढरा डाग पडला की आमच्याकडे फूल पडलं म्हणतात. एवढ्या ओंगळ गोष्टीला एवढं गोड नाव दिलं की मग काही करायची गरज उरत नाही. आमच्या गावात फूल पडलेली कितीतरी म्हातारी माणसं ओट्यावर बसलेली असतात. डोळ्यात फूल, हातात काठी. सगळ्यांना वाटतं की हे असंच असतं.

वॉर्ड

पुढचं सगळं नागपूरच्या सरकारी रुग्णालयात झालं. तासातासाला थेंब. दिवस उजाडला की थेंब, डबा आला की थेंब, डोळा लागला की कोणीतरी हलवून उठवायचं आणि पुन्हा थेंब. ते इतके झोंबायचे की पहिल्या आठवड्यात मी सिस्टरचा आवाज ऐकला की दात आवळायची. एक सिस्टर थेंब टाकण्याआधी माझ्या कपाळावर पालथी मूठ टेकवायची, नुसती. हात हलू नये म्हणून टेकवत असेल. मला ती मूठ आजही आठवते.

शेजारच्या खाटेवर किसनाबाई होत्या. झरी जामणीकडच्या, कोलाम आदिवासींच्या वस्तीतल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर धुकं साचलं होतं. त्या मला माझ्या खोकल्यावरून ओळखायच्या आणि संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवायच्या. फोडींवरची साल इतकी नीट काढलेली असायची की मला दिसत असूनही तसं जमलं नसतं.

बुरशी हटली, पण बुबुळ पांढरं होऊन बसलं. डॉक्टर म्हणाले, आता हे पुसलं जाणार नाही, बदलावं लागेल. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा स्वतःचं दुःख विसरले.

डोळ्यावरचा तो काचेसारखा पडदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. पूर्वी सगळा पडदा कापून नवा बसवत. आता त्याचे थर वेगळे करता येतात. माझा वरचा भाग खराब, आतला थर चांगला. म्हणून माझा वरचाच भाग काढायचा, आतला माझाच ठेवायचा. त्यामुळे शरीरानं परका डोळा नाकारण्याची भीती पुष्कळ कमी होते. किसनाबाईंचं उलटं. त्यांचा वरचा भाग ठीक, आतला थर थकलेला. तो थर केसापेक्षाही पातळ असतो. तो एका बारीक छेदातून आत सोडतात, हवेचा बुडबुडा सोडून वर चिकटवतात आणि रोग्याला छताकडे तोंड करून निजवून ठेवतात.

"म्हणजे," डॉक्टर म्हणाले, "दान मिळालेला एक चांगला पडदा असेल, तर त्यातून तुम्हा दोघींचं भागू शकतं."

किसनाबाईंनी विचार केला. "मंग एकाच डोळ्यानं आपण दोघी पाहू का व? तू पुढून पाह्यशील अन् मी मागून?"

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरही.

त्यांनी हेही सांगितलं की कुठे प्रयोगशाळेत पेशी वाढवून नुसत्या सुईनं डोळ्यात सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत, कुठे डुकराच्या कातडीतल्या प्रथिनापासून पडदा बनवतात. आपल्यापर्यंत यायला वेळ आहे. मी ही बातमी घरी फोनवर सांगितली आणि चूक केली. दुसऱ्या दिवशी माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, फोनवर होते. "डुकराचं काही बसवून राह्यले म्हणे तुले. आपल्यात नाई चालत ते." शेजारच्या काकूंनी त्याहून पुढची चौकशी केली: डोळा कोणत्या जातीच्या माणसाचा असेल, हे आधी सांगतात का?

मी हे किसनाबाईंना सांगितलं. त्या संत्रं सोलत होत्या.

"डुकराचा असो का कलेक्टरचा. मले माही नात पाहाची हाय."

त्या दिवसापासून मी या विषयावर कोणाशी वाद घातलेला नाही. ज्यांना दिसतं त्यांनाच डोळ्याची जात विचारायला वेळ असतो.

पत्रकं

मी पत्रकांवर वाढले. हे शब्दशः खरं आहे. बाबा आयुष्यभर पत्रकं छापत आले: रक्तदान, हुंडा, भानामती, नेत्रदान. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. आमच्या गावात नेत्रदानाचा मोठा कार्यक्रम झाला होता, तोही बाबांनीच घेतलेला. मंडप, हार, एका पुढाऱ्याचं भाषण. पुढाऱ्यानं स्वतः संकल्प केला नाही, पण संकल्प करणाऱ्यांसोबत फोटो मात्र काढला. त्या फोटोत मध्यभागी माझी मोठ्याई आहे, मोठ्या बाबांची बायको. गावात पहिलं नाव तिनं दिलं होतं. प्रमाणपत्र तिनं प्लास्टिकमध्ये घालून देवघराशेजारी लावलं. येईल त्याला दाखवायची. "माहे डोळे आता माहे नाईत, बरं."

टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना तो कागद पुरेसा वाटला. माणूस गेल्यावर तो कागद पुढे येऊन बोलत नाही. घरच्यांनाच फोन करावा लागतो, हो म्हणावं लागतं, सही करावी लागते, आणि हे सगळं साधारण सहा तासांच्या आत. ही ओळ बाबांच्या एकाही पत्रकात नव्हती. "नेत्रदान श्रेष्ठदान" होतं. मोठ्या अक्षरात.

मोठ्याई

नवा पडदा मिळेपर्यंत मी घरी होते. डावीकडे पांढरं धुकं, उजव्या डोळ्यानं सगळं काम. नागपूरहून कधीही बोलावणं येईल, म्हणून आईनं पिशवी भरून ठेवली होती. आणि एका सकाळी मोठ्याई गेली. छातीत दुखतं म्हणाली, पाणी मागितलं, आणि गाडी येण्याआधीच गेली.

मी तिच्या डोळ्यांची वाट पाहत नव्हते. कोणाचा डोळा कोणाला हे रांगेनं ठरतं, नात्यानं नाही. तिचे डोळे मला नाही, तर किसनाबाईंना, नाहीतर अजून कोणाला. पण ते मातीत जाऊ द्यायचे नव्हते. मी नेत्रपेढीला फोन केला. तिकडून सांगितलं: आम्ही निघतो, घरच्यांचा होकार घेऊन ठेवा, आणि तोपर्यंत डोळे सुकू नयेत म्हणून पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या.

मी पंखा बंद केला. कापूस भिजवून ठेवला. घरात कापसाची कमी नव्हती.

मग मी मोठ्या बाबांकडे गेले. ते भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "तिच्या भावाले इचारल्याबिगर मी काही बोलत नाई. माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिले हात लावाचा नाई."

सवाष्ण गेली की तिच्या माहेरून लुगडं येतं, ते अंगावर घातल्याशिवाय तिला उचलत नाहीत. तिचा भाऊ महागावकडे राहतो. म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

"मग फोनवर विचारा मामांना," मी म्हटलं.

गजानन दादानं, मोठ्याईच्या मुलानं, माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. फोन त्यानंच केला होता.

"काय इचारू व? म्या त्याईले तब्येत जास्त हाय म्हणून सांगितलं. लवकर निघा म्हटलं."

"मग आता खरं सांग."

"रस्त्यात सांगू? त्याईले काही झालं मंग?"

"दादा, त्यांना कळलंच असेल. लुगडं घेऊनच निघाले असतील."

"तू गप राह्य बाप्पा. शिकली म्हणून काहीबी बोलतं."

असा तिढा होता. माझी मोठ्याई घरात मेलेली होती आणि फोनवर जिवंत होती. आणि जिवंत बाईचे डोळे द्यायचे का, हे तिच्या भावाला कसं विचारणार?

मी बाबांकडे पाहिलं. एवढी वर्षं याच विषयावर बोललेला माणूस. भरलेल्या मंडपात माइक हातात घेऊन बोललेला. ते थोरल्या भावाच्या शेजारी बसले होते, हातरुमालाची घडी घालत होते, उलगडत होते. एक शब्द निघाला नाही. माइक नव्हता म्हणून असेल.

मी आत आले तर पंखा फिरत होता. "केवढं उकडून राह्यलं, बाया बसल्या आहेत," कोणीतरी म्हणालं. मी बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा चालू. मग मी बटणाखालीच पाठ टेकून बसले. एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "इचे सोताचे गेले, आता मोठ्याईचे मागून राह्यली." दुसरी म्हणाली, "कुंकू लावलं, भाग्याची गेली. डोळे काढले तं तोंड कसं दिसल?" मी सांगितलं की वरचा पातळ पडदा तेवढा घेतात, चेहरा आहे तसाच राहतो. त्यांनी मान हलवली. गावात मान हलवणं म्हणजे ऐकणं नव्हे.

नेत्रपेढीची गाडी आली. दोघं जण बाहेर गाडीतच थांबले, कारण होकार नव्हता. आईनं त्यांना चहा दिला. त्यांनी वाट पाहिली, पुन्हा विचारलं, पुन्हा वाट पाहिली. उन्हं कलली तेव्हा त्यातला एक जण दाराशी आला आणि म्हणाला, "ताई, आता उशीर झाला." त्यांनी चहाचे कप परत दिले आणि ते गेले.

त्यानंतर मामा आले. हातात हिरवं लुगडं. दारातच त्यांनी ते मोठ्या बाबांच्या हातात दिलं, बहिणीजवळ बसले, तिच्या पापण्यांवरचा ओला कापूस पाहिला आणि विचारलं, "डोळे नेले का तिचे?"

मी म्हटलं, "नाही मामा. तुम्हाला विचारायचं होतं."

"मले?" ते म्हणाले. "भाऊबीजेले तिनं मले ताटावरच सांगितलं होतं. डोळे द्याचे माहे, तू आडवा येऊ नोको. अन् तिथून निंघालो तवाच मले समजलं होतं ती गेली म्हणून. फोनवर काहून नाई इचारलं बे गजानन? मी रस्त्यातूनच हो म्हटलं असतं."

मोठे बाबा लुगड्याची घडी मांडीवर घेऊन बसले होते. मी उठले आणि पंखा चालू केला.

अर्धा अर्धा

मला बोलावणं आलं तेव्हा बाबा सोबत आले. वाटभर तोच हातरुमाल घडी घालून उलगडत होते. मी खिडकीकडे तोंड केलं.

वॉर्डात किसनाबाई आधीच आल्या होत्या. त्यांनी खोकल्यावरून मला ओळखलं. एका अनोळखी माणसाचा पडदा, त्याचा वरचा भाग मला, आतला थर त्यांना. डॉक्टरांनी नाव सांगितलं नाही, सांगत नाहीत, आणि मी विचारलं नाही.

पट्टी काढल्यावर चमत्कार होत नाही, हे पुढच्यांसाठी सांगून ठेवते. आधी उजेड येतो, तोही झोंबणारा. मग कडा नसलेले आकार. टाके महिनोन्महिने डोळ्यात राहतात, वाळू गेल्यासारखे टोचतात. थेंब चालूच. डोळा लाल झाला, दुखला, धूसर झाला की उद्यावर टाकायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. मेडिकल नाही. चुलीचा धूर नाही, ओझं नाही, डोळा चोळायचा नाही. माझी आई मला आता पऱ्हाटीच्या ढिगाजवळूनही जाऊ देत नाही.

पण एके दिवशी तपासणीला गेले तेव्हा उजवा डोळा झाकून मी किसनाबाईंकडे पाहिलं आणि मला त्यांचा पुढचा पडलेला दात दिसला. मी तसं सांगितलं.

"माह्या नातीलेबी आधी तोच दिसला," त्या म्हणाल्या. "अन् मले तिचे दात. सगळे हायेत."

मी त्या अनोळखी घराचा फार विचार करते. तिथेही बाया बसल्या असतील, तिथेही उकडत असेल. पण तिथे कोणीतरी पंखा बंद केला, आणि कोणीतरी फोनवर खरं बोललं. कसलंही भाषण न करता. त्या एका माणसापुढे आमच्या गावचा मंडप, हार आणि फोटो मला आता पाहवत नाहीत.

बाबांनी परवा नवं पत्रक लिहून माझ्यापुढे ठेवलं. "श्रेष्ठदान" हा शब्द खोडला होता. खाली पंखा, ओला कापूस, उशी, फोन, एवढंच होतं. "अजून काय पाह्यजे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मामांचं 'रस्त्यातूनच हो म्हटलं असतं' हे वाक्य पाहिजे. त्यांनी पेन घेतलं आणि त्यावरून खाली लिहिलं. तेच तुमच्यासाठी इथे उतरवते.

आज जेवायला बसण्याआधी एक फोन करा. तुम्ही गेल्यावर ज्याच्या येण्यासाठी सगळे खोळंबून बसणार आहेत, त्या माणसाला. भाऊ असेल, लेक असेल, जावई असेल. त्याला सांगा, माझे डोळे द्यायचे आहेत. आणि ज्या दिवशी कोणी तुला सांगेल की माझी तब्येत जास्त आहे, लवकर निघा, त्या दिवशी निघण्याआधी, फोन ठेवण्याआधी, हो म्हण.